नळीचे तीन इंच

७ ऑक्टोबर, मंगळवार

साडेएकोणीस इंच! पोलीस स्टेशनात हवालदारांनी शिंप्याच्या टेपने आबांच्या बंदुकीची नळी मोजली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं. “वीसच्या खाली म्हणजे बंदी असलेलं हत्यार. लायसन रिन्यू राहू दे, केस होईल.” बंदूक ठेवून घेतली. गावाला बारवी धरणाकडचं आमचं भात पिकायला आलंय, रोज डुकरं घुसतात. आबांनी आजवर एक डुक्कर मारलेलं नाही — हवेत बार काढतात, बस.

मला राग आला तो टेपचा. बाहेरून मोजतात का नळी? मोरिवलीच्या कारखान्यात वीस वर्षं मापं तपासतोय मी. रिकामी बंदूक बंद करायची, तोंडातून सळई आत टेकेपर्यंत घालायची, खूण करून मोजायची. उद्या दाखवतोच.

८ ऑक्टोबर

दाखवलं! एकवीस. बरोब्बर एकवीस. हवालदार टेप गुंडाळायला लागले, मी छाती काढून उभा.

मग इन्स्पेक्टर साहेबांनी लायसनचं पुस्तक उघडलं. “यात चोवीस आहे. तीन इंच कुठे गेले?” नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. “वीसच्या वर असली तरी परवानगीशिवाय कापणं हाच गुन्हा. किती सरळ कापलीय! कोणी कापली, बाबा?”

आबा जमिनीकडे बघत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“सोमवारी या जबाब द्यायला.”

९ ऑक्टोबर

मीच कापली. इथे तरी लिहितो.

सहा वर्षांपूर्वी नळीत चिखल राहिला, आबांनी तसाच बार काढला, नळीचं तोंड फाटलं. “काय करता येईल का बघ रे धम्मा.” जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लेथ मशीनवर चढवली, तीन इंच उडवले. वीसच्या वर हवी हे मोबाईलवर वाचलं होतं. एकवीस राहिली — टॉलरन्समध्ये, म्हणजे पास! कापायलाच परवानगी लागते हे डोक्यात आलं नाही. आबांनी विचारलंही होतं, “चालतंय ना असं?” मी हसलो होतो. “माप हे माझं काम आहे, आबा.”

११ ऑक्टोबर, शनिवार

आबांना सोनिवलीला आमच्या फ्लॅटवर आणलं. माया म्हणाली, “तुम्ही बोललात तर नोकरी गेली समजा. कंपनीच्या मशीनवर बंदूक कापली म्हणजे काय गंमत आहे? आबांना वय बघून सोडतील.” आबा पलीकडच्या खोलीत होते. भिंती या अशा पातळ. ऐकलंच असणार.

मी बायकोला गप्प केलं नाही. शरम वाटते. तरी केलं नाही.

१२ ऑक्टोबर

आबा पहाटे बुद्धवंदना घेतात. पाचही शीलं, सावकाश. खोटं न बोलण्याचं चौथं आलं की आवाज जरा चढतो. जनगणनेवाल्याला त्यांनी आईचं वय खरं सांगितलं म्हणून आई आठ दिवस रुसली होती!

उद्या काय सांगणार, विचारायचं होतं. हिंमत झाली नाही. गावाहून फोन — वरचं शेत डुकरांनी लोळवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जबाबाला आत आबा एकटेच गेले. मी बाहेर बाकावर. पंचवीस मिनिटं.

बाहेर आले, चप्पल शोधत म्हणाले, “सांगितलं मीच कापली म्हून. करवतीनं. वर कानस मारली. सही केली. तू आता तोंड उघडू नको.”

रिक्षात मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

१४ ऑक्टोबर

आज वंदनेत तिसऱ्या शीलानंतर आबा थांबले. मग एकदम पाचवं म्हणाले.

मायाला सांगितलं, डबा भरू नको. पोलीस स्टेशनला निघालोय.