खळीशेजारची जागा

८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तिकडचं कळव.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. शाळा सुरू झाली की दुकानात पोरांची रीघ लागते. निम्म्यांना फळ्यावरचं दिसत नसतं आणि निम्म्यांना मित्राला मिळाला तसा चष्मा हवा असतो. दिवसभर लोकांच्या पोरांचे डोळे तपासता आणि घरच्या पोरीकडे बघायला तुम्हाला सवड नाही, असं तुझी वहिनी म्हणते. तिचं म्हणणं खरं निघालं.

ठकूचे पहिल्या चाचणीचे मार्क आले. गणित, विज्ञान दोन्ही घसरलं. नववीचं वर्ष आहे, हिच्या शाळेत दहावीचे विषय याच वर्षी निवडायचे, आणि विज्ञान सुटलं तर डॉक्टरकीची वाट तिथेच बंद. चष्मेवाल्याची मुलगी डोळ्यांची डॉक्टर व्हावी, एवढीच माझी हाव. तू हसशील. हस.

वर्गशिक्षिकेला भेटून आलो. ठकूच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. बाई शिकवतात ते ठकू तिला हातांनी सांगत राहते आणि हिच्या स्वतःच्या वहीत अर्धीच वाक्यं उरतात. त्या मुलीच्या गालाला खळी पडते, म्हणून गालावर बोट टेकवलं की झालं तिचं नाव. आम्हीही तिला खळीच म्हणतो. पोरगी गुणी आहे. घरी आली की माझ्या टकलाबद्दल हातांनी काहीतरी बोलते आणि दोघी खिदळत बसतात. मलाही तिचा लळा आहे, पण काय करू, बाप आहे.

तू शाळेत समुपदेशक म्हणून बसून शेकडो मुलांना पुढची दिशा दाखवतेस. आता घरच्या एकीला दाखव.

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.
तुझा,
दादा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि खरंच हसले. इथे माझ्या खोलीबाहेर रोज तुझ्यासारखे बाप बसलेले असतात. चेहरा असा, जणू मुलाचा नव्हे, त्यांचाच निकाल लागणार आहे.

घाबरू नकोस. ठकू हुशार आहे, फक्त तिचं लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलंय. नववीत मूल कुठे बसतं यावर फार काही ठरतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. तेव्हा जागा बदल. सरळ सांगितलंस तर ती अडून बसेल, शिक्षिकेलाही अवघड होईल. त्यापेक्षा डोळ्यांचं निमित्त कर. नजर कमी झाली, पहिल्या बाकावर बसवा, असं कळव. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तुझ्या दुकानाचा एवढा तरी उपयोग होऊ दे. वर्षभर ती मन लावून शिकली की विषय आपोआप मिळतील, मग ती कुणालाही काहीही शिकवत बसू दे.

त्या दुसऱ्या मुलीची काळजी शाळा घेईल. ते शाळेचंच काम आहे.

वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर एका बाहीला लांब आहे, तरी इथल्या पावसाळी गारठ्यात रोज घालते.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी,
धाकटी

९ सप्टेंबर

प्रिय आत्यास,
सा. न.

तू बरी असशील. मी बरी नाही, म्हणून लिहितेय. आईबाबांना सांगितलं तर ते अभ्यास कर म्हणतात. तू असल्या गोष्टी सोडवतेस, म्हणून तुला सांगते.

मला चष्मा लागला. बाबांनीच तपासलं. मला आधीही दिसत होतं तसंच आता दिसतं, पण बाबा म्हणाले की अशी सुरुवात लक्षात येत नाही. मग माझी जागा पहिल्या बाकावर झाली आणि खळी मागेच राहिली. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेव्हा तिला ओठ दिसत नाहीत. मी वळून सांगायला लागले की मला ओरडा बसतो. तिलाही पुढे आणा, असं मी म्हटलं. तर बाई म्हणाल्या, मग जागा बदलून उपयोग काय? मला ते कळलंच नाही.

गटाने करायच्या कामात तिला कुणी घेत नव्हतं. एकदा बाईंनी तिला प्रश्न विचारला आणि तिने भलतंच उत्तर लिहून दाखवलं. सगळा वर्ग हसला. हसू तिला ऐकू येत नाही, पण दिसतं. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही.

मी तिच्या घरी गेले. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. ती म्हणाली, आता नाही यायची ही, माझ्या हाताखाली काम शिकेल. खळी समोरच बसली होती, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून. आत्या, तिने हात खिशात घातले की संपलं. आपण तोंडावर दार लावतो ना, तसं. मी किती वेळ बोलत राहिले, तिने हात बाहेर काढले नाहीत. तिला वाटतंय मीच जागा मागून घेतली. बाईंनी तिला तसंच लिहून दिलं होतं, की मला पुढे बसायचं आहे.

माझे डोळे बिघडले नसते तर हे झालं नसतं. तू आमच्या शाळेला लिहिशील का? तू सांगितलंस तर ऐकतील.

वाट बघतेय.
तुझी,
ठकू

१३ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे डोळे ठणठणीत आहेत. ते आधी सांगते, कारण बाकीचं वाचून तू कदाचित कागद फेकून देशील.

जागा बदलायची कल्पना माझी. तुझ्या मार्कांच्या काळजीने बाबांनी मला सल्ला विचारला आणि डोळ्यांचं निमित्त मीच सुचवलं. त्यांनी ऐकलं, कारण धाकटी बहीण या कामातली जाणकार, असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. उत्तर लिहायला मला चहा निवण्याइतका वेळही लागला नव्हता. शेजारच्या मुलीचं पुढे काय होईल, हे मी मनातसुद्धा आणलं नाही. शाळा बघेल असं एक वाक्य टाकलं आणि मोकळी झाले. शाळा कितपत बघते, हे शाळेतच काम करणाऱ्या मला ठाऊक नसेल तर कुणाला?

तुझं पत्र आल्यापासून माझ्या खोलीत मुलं येतात, समोर बसतात, मी कोणते विषय घेऊ असं विचारतात आणि मला तू आठवतेस. काल एकीला सांगितलं की मला विचार करायला वेळ दे. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

अजून एक. वर्गातलं सगळं खळीपर्यंत पोचवणं हे तुझं काम नव्हतंच. त्यासाठी शाळेने हातांची भाषा शिकलेलं माणूस ठेवायला हवं होतं. तू एकटीने ते ओझं उचललंस. ते शाळेकडून मागून घ्यायचं सोडून मी नुसतं तुला तिथून उचललं.

मी शनिवारी येतेय. आधी मुख्याध्यापिकेकडे जाईन. बाबांना आजच लिहिलंय की तुला सगळं सांगितलं. खळीला खरं काय ते तू सांग, माझ्यावर सगळं ढकल. ते ढकलणं नव्हे, खरंच आहे.

माफी मागते. तू लगेच द्यावीस असं नाही.
तुझी,
आत्या

२६ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी काय झालं, ते तू इथे असताना सांगायचं धाडस झालं नाही. ठकू रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि चष्मा काउंटरवर ठेवून नंबर किती, एवढंच विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो. तिने पुन्हा विचारलं. मग सांगितलं, शून्य. तिने मान हलवली आणि गेली. माणसं चष्म्याच्या बाबतीत माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, ठकूनेही ठेवला होता. आता तिला तपासायला बसवलं तर ती मान फिरवेल, आणि मला बोलता येणार नाही.

काल खळीच्या घरी गेलो. तिची आई इस्त्री करत होती, मी उभ्या उभ्याच सांगितलं की माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं, खोटं मी बोललो. आईने ते हातांनी तिला सांगितलं. पोरीने खिशातून हात काढले आणि बरंच काही बोलली, भराभर. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, हे मी नाही सांगत, तुम्ही वयाने मोठे आहात. खरं तर माझंच चुकलं होतं, म्हणून पोरगी काय म्हणाली ते मी ऐकायलाच हवं होतं. पण मला भाषा येत नाही. दोन वर्षं ती मुलगी आमच्या घरी येत होती आणि मी तिच्या नावापलीकडे एक शब्द शिकलो नाही.

तू भांडून आलीस त्याचा उपयोग झाला. आठवड्यातून दोनदा मूकबधिर शाळेतल्या बाई वर्गात येणार आहेत. खळी येईल की नाही, देव जाणे.

तुझ्यावर राग नाही. सल्ला तुझा, पण हात माझे.
सांभाळून राहा,
दादा

३० ऑक्टोबर

आत्यास,
सा. न.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं, आई म्हणाली दे.

खळी शाळेत आली होती. थोडे दिवस आली, त्या नव्या बाईंसोबत बसली. त्या बाई हातांनी फार छान बोलतात. तेव्हा मला समजलं की मी तिला निम्मंच सांगत होते आणि तेही चुकत होते. तिने मला कधी तसं दाखवलं नाही. मग त्या बाई तिला आपली शाळा दाखवायला घेऊन गेल्या, मलाही नेलं. तिथे जेवायच्या खोलीत अजिबात आवाज नाही आणि सगळे एकाच वेळी बोलतात. खळी दारातच उभी राहिली. मग एका मुलीने तिला काहीतरी विचारलं, आणि ती इतक्या भरभर बोलायला लागली की मला पुढचं समजेना. मी बाजूला उभी होते. माझ्याशी बोलताना ती मुद्दाम सावकाश बोलायची, हे मला माहीतच नव्हतं.

दोन आठवड्यांपासून ती तिकडेच जाते. शाळा लांब आहे, म्हणून रविवारीच भेटते. माझ्याशी बोलते, पण पहिल्यासारखं नाही. बाबांच्या टकलाबद्दल अजून काही बोललेली नाही. बाबा तिच्याकडून एकेक शब्द शिकतात आणि फार वाईट बोलतात. परवा त्यांना माफ कर म्हणायचं होतं आणि ते मीठ दे म्हणाले. ती हसली नाही, तिने मीठ दिलं.

बाबा सगळ्यांना सांगतात की शेवटी तिचं भलंच झालं. तूही मागच्या पत्रात तसंच लिहिलंस. ते लिहू नकोस. तिचं भलं तिने केलं. तुम्ही मला तिच्या शेजारून उठवलं होतं, आणि माझ्या शेजारी आता कुणीही बसलं तरी ती जागा तिचीच आहे.

विषय मी अजून निवडलेले नाहीत. बाबा विचारत नाहीत, विचारायला घाबरतात. शाळेने जानेवारीपर्यंत मुदत दिलीय. निवडले की आधी खळीला सांगेन, मग आईला, मग बाबांना. तुला सगळ्यांच्या शेवटी.

पण सांगेन.

तुझी,
ठकू