अर्धी पेन्शन, पूर्ण कर

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पक्कं झालं. दुजोरा हिल्मा हार्यु यांचा — निवृत्त गणित शिक्षिका, डुलुथ शहरातल्या आमच्या चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. माझी अर्धी पेन्शन घटस्फोटित बायकोला, आर्डिसला जाते. कर मात्र पूर्ण पेन्शनवर, मी एकटा भरतो. सहा वर्षं!

चूक आमचीच. पेन्शन कचेरीला कोर्टाचा वेगळा हुकूम धाडायचा असतो. मग ते तिचा वाटा थेट तिला देतात, आणि त्यावरचा कर तिच्या नावावर जातो. आम्ही वकिलाची फी वाचवली. सभ्य माणसं ना — हस्तांदोलन केलं! तेव्हापासून दर एक तारखेला मी तिला चेक नेऊन देतो.

‘‘बत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढल्यात ना तुम्ही?’’ हिल्माबाई म्हणाल्या. शिक्षिका कधी निवृत्त होत नाहीत.

२० फेब्रुवारी
हुकूम अजूनही मिळेल, वकील म्हणतो. आर्डिसची सही हवी. फी ऐकून हस्तांदोलनाची थोरवी पुन्हा पटली.

१ मार्च
चेक घेऊन गेलो. वेलदोड्याचा पाव ताजा होता. कागद पुढे ठेवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, नाही करणार. का? तर तळ्यावरचा बर्फ अजून जाड आहे म्हणाली. आमच्याकडे याला संभाषण म्हणतात.

येताना गाडीत तिला लोभी म्हटलं. खिडक्या बंद होत्या. सभ्य माणूस!

२ मार्च
फोन केला आणि थेट म्हटलं — फुकटचे पैसे खातेस, कर मी भरतो. ती म्हणाली, मंगळवारी तळघरात भेट.

४ मार्च, मंगळवार
आर्डिस बुटांचं खोकं घेऊन आली. आत सहा वर्षांचे फॉर्म. हिल्माबाईंनी एकेक उलटला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझा प्रत्येक चेक आर्डिसबाईंनी उत्पन्नात दाखवलाय. कर भरलाय. दरवर्षी, वेळेआधी!

म्हणजे त्याच पैशावर मीही भरला, तिनेही भरला. बोललं कुणीच नाही. पैशांचं बोलणं बरं दिसत नाही ना! सरकारने आमचा पुतळा उभारायला हरकत नाही.

तिने तो भरायची गरजच नव्हती, म्हणून गेल्या तीन वर्षांचा परत मिळेल; त्याआधीचा मुदतीबाहेर गेला. मी विचारलं, आणि माझा?

‘‘तुमचा बरोबरच आहे,’’ हिल्माबाई म्हणाल्या.

इतकं महाग ‘बरोबर’ आयुष्यात मिळालं नव्हतं.

मग तिने सही नाकारली ती कर वाचवायला नव्हे; तो ती भरतच होती. लोभ तर नाहीच. लोभी म्हणणारा मी, माफी मागणाराही मीच. मागितली. ती म्हणाली, ‘‘खोकं उचल, जड आहे.’’

५ मार्च
आर्डिसचा फोन. सही करते म्हणाली, शुक्रवारी सकाळी दहा वाजता, वकिलाकडे. मी आभार मानले. तिने फोन ठेवला नाही.

‘‘रोल्फ, पैसे कचेरीतून यायला लागले, की तू कशाला येशील?’’

मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो.

६ मार्च
वकिलाला कळवलं, शुक्रवार रद्द. कर एप्रिलमध्ये, पूर्ण, माझ्या नावावर. एक एप्रिलला अकरा वाजता तिच्याकडे जायचंय.