काचेची नळी आणि फितूर मेंढा

३ ऑगस्ट
स्वस्ति श्री. पिनियल-ग्रंथि-रहस्यवेत्ते, मेष-संप्रेरक-मीमांसक, प्राणिशरीरक्रिया विभागाचे भावी प्रमुख (केवळ औपचारिकता शिल्लक), उभय जिन्यांवर सर्वांचे नमस्कार स्वीकारणारे आम्ही आज या रोजनिशीस प्रारंभ करीत आहोत.
सिद्धान्त सुलभ आहे. मेंदूच्या मध्यभागी दाण्याएवढी पिनियल ग्रंथी. तिच्यातील पेप्टाइड (प्रथिनाचा चिमुकला तुकडा) टोचले की पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक सुटणे थांबते. ते थांबले की नराची कामवासना निमालीच. आमच्या मेंढ्यास आजपासून इंजेक्शन. नामकरण केले: ब्रह्मचारी. महिनाअखेर समितीपुढे प्रात्यक्षिक, तदनंतर प्रमुखपद.

९ ऑगस्ट
ब्रह्मचाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट. एलएच तसूभरही घटलेले नाही. यंत्र जुने आहे.

१२ ऑगस्ट
पुन्हा रिपोर्ट. एलएच किंचित वाढलेले. यंत्र फारच जुने आहे.

१४ ऑगस्ट
आमची शिष्या (सुई कशी धरावी हेही आम्हीच शिकविले) म्हणाली की सर, पेप्टाइड काचेला चिकटतं. औषध नळीतच राहतं आणि मेंढ्याला नुसतं मिठाचं पाणी जातं, प्लास्टिकची नळी घ्या ना. आम्ही बजावले की बाई गं, प्लास्टिकमध्ये लोणी ठेवतात, विज्ञान नव्हे. बरं सर, म्हणाली. विनम्र मुलगी.

१९ ऑगस्ट
डोस दुप्पट. ब्रह्मचारी दुपारभर डोळे मिटून उभा. वैराग्याचे प्रथम लक्षण! घरी सांगितले. सौ. म्हणाल्या, रवंथ करत असेल. आणि तुम्हीही कित्येक वर्षं डोळे मिटूनच बसलेले असता, तुम्हाला कुणी टोचलंय? प्रत्युत्तर देणे भावी पदास शोभले नसते.

३० ऑगस्ट
प्रात्यक्षिक. समितीच्या अध्यक्षबाई पहिल्या रांगेत. 'संयमाचे हे मूर्तिमंत दर्शन' असे म्हणत आम्ही ब्रह्मचाऱ्यासाठी माद्यांच्या वाड्याचे फाटक उघडले. पुढील वृत्तान्त लिहिण्यास लेखणी धजत नाही. आमचे वाक्य पूर्ण होईतो ब्रह्मचाऱ्याने दोन मेंढ्यांशी संसार थाटला होता व तो तिसरीकडे निघाला होता. अध्यक्षबाईंनी विचारले, हाच का तो संयमी? मागून कोणी म्हणाले, सर, आता डोस आवरा, नाहीतर फाटक मोडेल.
तेव्हा शिष्या उठली. तिने स्वतःच्या मेंढ्याचा आलेख दाखविला. तेच पेप्टाइड, प्लास्टिकची नळी, एलएच निम्म्याहून खाली. तिचा मेंढा आत सोडला. तो निमूट गवत खात राहिला. म्हणजे सिद्धान्त अक्षरशः आमचाच सिद्ध झाला! टाळ्या मात्र तिला. अस्तनीतला निखारा! वर सर्वांदेखत आमचे आभार मानले. ते अधिक झोंबले.
जिला सुई दिली ती फितूर, ज्यास खुराक दिला तो फितूर.

२ सप्टेंबर
प्रमुखपद शिष्येस. समितीस पश्चात्ताप होईल. आम्ही घाई करणार नाही.

५ सप्टेंबर
जिन्यावर आज कोणी नमस्कार केला नाही. आता आम्हांस जिनाच नाही. नवी खोली तळमजल्यावर, मेंढवाड्यास लागून. तुम्हाला प्राण्यांजवळ बरं पडेल सर, असे नूतन प्रमुख म्हणाल्या.
खिडकीची कडी लागत नाही. ब्रह्मचारी मान आत घालून टेबलावरचे कागद चघळतो. सुतारास तीनदा सांगितले. तो म्हणतो, साहेब, आधी मॅडमची सही आणा.
मॅडम मीटिंगमध्ये आहेत.