विलायती गाडीची कडी

बुधवार, धानकापणीचे दिवस

फार थकले आज. शाळेमागे पडलेली आजोबांची गाडी पंचायत शुक्रवारी भंगारात देणार. आजोबा मालगुजारांचे ड्रायव्हर होते, शेवटी मालकांनी गाडी त्यांनाच देऊन टाकली. ती विलायती आहे, असं बाबा जन्मभर सगळ्यांना सांगत आले. सकाळी म्हणाले, "विलायती आहे म्हणून अर्ज लिही, माय. मंग कोणी हात नाही लावत. बी.ए. कायले केलीस?"

मोबाईलवरचे जुन्या गाड्यांचे फोटो समोर धरून दुपारभर गाडी पुसत होते. गोल बॉनेट, पुढची बारीक चौकटींची जाळी, दिव्यांवरच्या पापण्या. साधी जुनी अॅम्बेसेडर. फक्त मागच्या डाव्या दाराची कडी कुठल्याच फोटोत सापडेना.

संध्याकाळी बाबा गाडीपाशी आले. त्यांना सांगायला जीभ रेटेना, तरी सांगितलं. उगाच सांगितलं का? पण अर्जात खोटं कसं लिहू? ते त्या कडीवरून बोट फिरवत म्हणाले, "हे तं आपल्या खासराची होय. बैल विकले, तवा तुह्या आजानं काढून ठेवली होती, मंग इथं बसवली."

अर्जात तेच लिहिलं. गाडी साधी, कडी बैलगाडीची. सरपंच हसतील. गाडी बहुतेक जाणारच. निदान कडी काढून आणू का? बाबांना विचारायचं धाडस झालं नाही.

जेवताना त्यांनीच दोनदा विचारलं, "गाडीच्या दाराची कडी लावून आली ना?"