ग्रँड विन

नाना, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी फ्रेंच तांबड्या वाइनची ती यादी माझ्या डोक्यातून जात नाही. मेहरूणकडच्या कारखान्याच्या गेस्टहाऊसवर तुम्ही खानसामा होतात आणि मी तुमच्या हाताखाली. आमचे हे त्याच कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर साहेबांनी मला तिथं लावून घेतलं. सासूबाई म्हणायच्या, "नवरा गेला, आता सून बाटल्या पुसते." मी ऐकून घ्यायची.

त्या वर्षी मशीन बसवायला फ्रान्सहून माणसं येणार होती. साहेबांचं म्हणणं, जेवणाबरोबर त्यांच्याकडची तांबडी वाइन हवी, चांगली हवी आणि स्वस्तही हवी. तरुणपणी तुम्ही मुंबईत एका फ्रेंच कुटुंबाचा स्वयंपाक केलेला, म्हणून निवड तुमच्याकडे. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मी रद्दीतल्या मासिकांवरून शिकलेली, म्हणून पत्र माझ्याकडे. मुंबईच्या दुकानदाराची यादी मी मोठ्यानं वाचते आहे, तुम्ही कांदा चिरता चिरता ऐकताय. "बाई, मोठा गावनं नाव सोड, शेजारना गावनी ले. माटी तीच शे, भाव कमी. सावदा गावना नाववर जो केळीना माल जास, तो बठ्ठा सावदाना शे का?" ऱ्होन नदीकाठच्या साध्या खेड्यांची एक वाइन होती. "तीच लिख," म्हणालात.

मी लिहिलीही. पण खाली त्याच किमतीच्या, बोर्दो या मोठ्या गावाच्या नावाच्या एका वाइनपुढे 'ग्रँड विन' असं छापलेलं होतं. स्पेलिंग जरा वेगळं होतं, पण विन म्हणजे जिंकणं, एवढं मला येत होतं. मोठं बक्षीस जिंकलेली बाटली त्याच भावात मिळते आहे, असं समजून मी तुमची ओळ खोडली आणि ही लिहिली. तुम्हाला विचारलं नाही.

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला, पेले बाजूला सारले आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी साहेब तुम्हाला हसत म्हणाले, "नाना, जीभ गेली का तुमची?" तुम्ही स्वयंपाकघरात येऊन रिकाम्या बाटलीवरून हात फिरवत राहिलात. हिचे खांदे असे ताठ नको होते, त्या नदीकाठच्या बाटलीचे उतरते असतात, असं काहीतरी पुटपुटलात. मग मला विचारलंत, "मी सांगेल तीच लिखी ना तू?" मी म्हणाले, "हो नाना, तीच."

त्यानंतर भाजीत मीठ टाकलं की तुम्ही मला चाखायला लावायचात. आयुष्यभर नुसत्या वासावर मीठ ओळखणारा माणूस. दिवाळीआधीच, वय झालं म्हणून, धुळ्याला मुलाकडे निघून गेलात.

पुढे एका पाहुण्याकडून मला कळलं की विन म्हणजे त्यांच्या भाषेत नुसती वाइन, आणि ग्रँड काय, कुणीही छापतं. धुळ्याची एसटी दोन-अडीच तासांची. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले आणि तुम्ही गेल्याचा निरोप आला. म्हणून हे लिहिते आहे. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं का, कोण जाणे.

एक अजून राहिलं. तुम्ही धुळ्याला असतानाच, पुढच्या उन्हाळ्यात, मी तुमची ती ऱ्होनची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवली होती. पाहुण्यांनी पेले पुन्हा पुढे केले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, नानांपेक्षा तुमची निवड चांगली." मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "थँक्यू, साहेब."