हिरामणदादांचं अळणी जेवण

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आज आहाराच्या अभ्यासासाठी हिरामणदादांकडे गेलेले. सगळं आयुष्य मिठागरावर काढलेला माणूस. मीठ कमी आणि सुकी मासळी बंद, हे मीच सांगितलेलं. त्यांचं बीपी चांगलंच उतरलंय. मग आनंद का होत नाहीये?

चुलीपाशी दोन पातेली होती. एक सगळ्यांचं, एक छोटं, फक्त दादांचं. दादांची बायको, काकू, म्हणाल्या, "सगळी जेवली का मग एकटेच बसतात. सुकटीचा वास आला तर उठून भायेर जातात."

"मग सगळ्यांचंच मीठ कमी करा ना, काकू."

"पोरं नाय ऐकायची, बाय."

ते छोटं पातेलं काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या घराशी बोलले असते तर?

अभ्यास चालवणाऱ्या मॅडमना फोनवर बीपीचे आकडे सांगितले. त्या खूश. मी नुसतं हो म्हटलं. पातेल्याचं कुठे सांगणार?

मी निघताना दादांनी विचारलेलं, "अजून किती दिवस गो, असा खायचा?"

"आता कायमचंच, दादा."

दादांनी ताट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले.