ठसका

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ७ मे १९७४

चि. विरुपाक्ष यास वहिनी शरणम्माचे अ. उ. आ.

त्या सकाळी हॉटेलच्या भटारखान्यात मी खाली बसून भाकऱ्या थापत होते आणि तुझे दादा भट्टीपुढे उभे राहून आमटी ढवळत होते. चटणीची मिरची त्या दिवशी भाजायची नव्हती. तरी मला ठसका लागला. दादा हसून म्हणाले की दुधनीत कुणीतरी तुझ्या नावानं बोटं मोडतंय. मग दह्याचं पातेलं आणायला ते थंड खोलीत गेले, खालच्या फळीशी वाकले आणि पुन्हा उभे राहिलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मीही तेच धरून बसले.

आता तुझी काशम्मा माझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापते. तिला तसाच ठसका येतो, डोळे चुरचुरतात, परवा तर ओकली. उभ्यानं काम करणाऱ्या गड्यांना त्रास कमी, खाली बसणाऱ्या आम्हा बायकांना जास्त. थंड खोलीच्या यंत्रात काही बिघाड असेल, असं मालकांच्या कानावर घातलं, तर त्यांनी यंत्राची दृष्ट काढवली. मीठ, मोहरी, मिरच्या भट्टीत पडल्या, सगळे खोकून बेजार झाले. मालकीणबाई खुशीत म्हणाल्या की ठसका लागला, म्हणजे दृष्ट नाहीच, यंत्र निर्दोष आहे. इथं ठसका रोजच लागतोय, हे कुणाच्या मनात आलं नाही.

काशम्माला दुधनीला बोलावून घे. जावेचं ऐकत नाही, नवऱ्याचं ऐकेल. आत्याबाईंना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी वहिनी,
शरणम्मा

॥ श्री ॥
दुधनी, १२ मे १९७४

ती. गं. भा. वहिनीस विरुपाक्षचा शि. सा. न. वि. वि.

पत्र अडतीवरच फोडलं. घरी वाचून दाखवलं तर राजाबाई आत्या म्हणाली की थोरली लई पुस्तकं वाचती, म्हणून तिला मिरचीतबी इख दिसतंय की. ठसका लागतोय न्हवं, मग घोर कसला, असंही म्हणाली. आम्ही हसलो, रागावू नका.

काशम्मानं सांगावा धाडलाय की जाऊबाईंचं मन दादा गेल्यापासून ठिकाणावर नाही, तुम्ही घाबरू नका. वहिनी, इथं शेंगांची आवक बसलीय, मला आठवड्यातून दोन-तीनदाच काम मिळतं. घर तिच्यावरच चाललंय. पाऊस लागला की तिला घेऊन येतो. तोवर तिला संभाळा. तुमच्याशिवाय तिथं तिला कोण आहे?

धाकट्यावर लोभ असावा, कमी करू नये.

आपला,
विरुपाक्ष

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १७ मे १९७४

चि. विरुपाक्ष यास अ. उ. आ.

पावसापर्यंत थांबता येणार नाही. थंड खोली गार होईना म्हणून मालकांनी पुण्याचा मिस्त्री बोलावला. त्यानं एक लहानसा दिवा पेटवून नळीच्या सांध्याशी धरला. ज्योत हिरवी झाली. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की यंत्रातला गॅस गळतोय. त्याला वास नसतो. तो जड, म्हणून जमिनीशी साचतो. भट्टीच्या आगीत गेला की त्याचं विष होतं, तोच ठसका. आणि बंद खोलीत, जिथं आग नाही तिथं, ठसकासुद्धा लागत नाही, नुसता श्वास संपतो. मग त्यानं विचारलं की आत कुणी वाकलं होतं का. मी म्हटलं, माझा नवरा. तो तसाच उठून मालकांकडे गेला.

सांध्याचं सामान पुण्याहून यायचंय. तोवर यंत्र बंद ठेवा, भट्ट्या पेटवू नका, दारं सताड उघडा, असं त्यानं मालकांना बजावलं. मालक म्हणाले की उद्या लग्नाचं जेवण आहे, दारं उघडली तर झळा येतात, वऱ्हाड जेवून जाऊ दे, मग बघू. मिस्त्री गेला. मी बायकांना सांगत सुटले. धुळाप्पा आचारी म्हणाला, बाई, धुरात जन्म गेला आमचा. काशम्मा हसून म्हणाली की जाऊबाई, तुम्ही माळ्यावर बसून भाकऱ्या थापा. हसता हसता खोकली आणि भिंत धरून खाली बसली. तिचे ओठ निळे झाले होते रे. तरी उद्या येणारच म्हणते. मी पाया पडले तिच्या. थोरली जाऊ असून पडले.

मी एकाला घालवून बसलेय. दुसरीला कसं घालवू? तू ये. आला नाहीस तरी माझी माया तुटायची नाही, पण ये.

तुझी वहिनी,
शरणम्मा

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज मी सगळ्यांच्या आधी गेले, तिन्ही भट्ट्यांत आणि कोळशाच्या ढिगावर पाण्याच्या घागरी ओतल्या, आणि भटारखान्याचं दार उघडं टाकून उंबऱ्यात बसले.